वडीलधाऱ्यांचे नैराश्य : आपापले अनुभव लिहावेत

निवडुंग
शेजारच्या काकांच्या पोटाच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्याचे काल ऐकले आणि मामंजी गेल्यानंतरचे सासूबाईंचे वर्ष आठवले. 'मला उदास वाटते' असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. अन्नावर वासना नाही, सांधे धरलेत, पहाटे तीनला जाग येते, एवढेच सांगत. या वयात असे व्हायचेच, असे सारे नातेवाईक म्हणत होते. मनोविकारतज्ज्ञांनी मात्र औषधाआधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतले, कारण त्यांतील बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. आपल्या घरी हे कसे ओळखले गेले?

पाणकळा
अण्णांना स्मृतिभ्रंशच झाला, असे सर्वांनी धरले होते. डॉक्टरांच्या प्रश्नांना ते चुकीची उत्तरे देत नव्हते, 'मला नाही माहीत' म्हणून मान फिरवत होते, आणि डॉक्टरांना नैराश्याचा संशय आला तो त्यावरूनच. उपचारांनंतर पेन्शनचा हिशेब ते पुन्हा स्वतः ठेवू लागले. थोडा विसर उरला आहे, त्यामुळे स्मृतीची तपासणी अधूनमधून होते.

खारीबिस्कीट
पाणकळा, वाचून फार बरे वाटले. आठवड्यात गुण नाही म्हणून आई गोळी सोडायला निघाली होती. तो दिसायला चार ते सहा आठवडे, उतारवयात कधी त्याहूनही जास्त लागतात. तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि एस्सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीसोबत ती घेतल्यास रक्तातले सोडियम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी लवकरच रक्त तपासले. ही तपासणी आवर्जून विचारावी.

मांडवीकाठ
गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेच्या सहभागाने साठीपुढच्या, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या 181 जणांचा अभ्यास झाला. प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याच्या आणि झोपेच्या सवयी शिकवल्या, तेव्हा वर्षभरात तीव्र नैराश्य 4.4 टक्के लोकांना आले, तर इतरांत हे प्रमाण 14.4 टक्के होते. माझ्या मावशीलाही गोळीइतकाच अशा बोलण्याचा आधार झाला.

सांजवात
आमचे आबा 'मी काय वेडा आहे?' म्हणून दवाखान्यात येतच नाहीत. काय करावे?

निवडुंग
सांजवात, झोपेची तक्रार पुढे करून त्यांना आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर तुम्ही स्वतःही विनामूल्य बोलू शकता. 'आता जगून काय करायचे' असे ते म्हणत असतील, तर त्यांना एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवावे.