मदत हवी आहे : लेपर्ड गेकोची शेपटी बारीक होतेय, जंत असतील का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. मुलाकडे दोन लेपर्ड गेको (पाळीव पाली) आहेत. त्यातल्या थोरल्याची शेपटी चांगली जाडजूड होती, पावसाळा लागल्यापासून ती उतरत चालली आहे. शी पातळ, आणि वास असा की टँकचं झाकण काढलं की बाहेरच्या खोलीत कळतं. काल तिच्यात रातकिड्याचा पाय तसाच्या तसा दिसला. माइट्स (अंगावरचे बारीक किडे) नाहीत, डोळ्यांच्या कडा, कानाची भोकं, काखा बॅटरी मारून बघितल्या.

इथले डॉक्टर गाई-म्हशी, कुत्री बघतात. "कुत्र्याचं जंताचं औषध थेंबभर देऊन बघू" म्हणतात. देऊ का?

प्रतिसाद १
अंदाजानं काही देऊ नका हो. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, डोस वजनावर ठरतो. आधी शी तपासा. ताजी शी स्वच्छ डबीत घाला, फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको) आणि त्याच दिवशी पोचवा. डॉक्टरांकडे मायक्रोस्कोप असेल तर पिनवर्मची (आतड्यातले बारीक जंत) अंडी आणि कॉक्सिडिया (एकपेशीय परजीवी) त्यांनाही दिसतील, जनावराचं शेण बघतात तसंच. पिनवर्मची चार-दोन अंडी धडधाकट गेकोतही निघतात, त्यानं घाबरू नका.

मला भीती वेगळीच वाटते. शेपटी वाळणं आणि न पचलेलं अन्न म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियमही असू शकतो. तो जंत नव्हे, एकपेशीय परजीवी. जंताच्या औषधाला दाद देत नाही. त्यासाठी टीबीची थुंकी तपासतात त्या धर्तीचं रंजन (स्लाइड रंगवून बघणं) किंवा पीसीआर लागतं. एकदा निगेटिव्ह आलं तरी पुन्हा करा, तो दर वेळी शीतून पडतोच असं नाही.

धाकट्याला आजच वेगळं करा. चिमटा, पाण्याची वाटी वेगळी. आधी धाकट्याचं करायचं, मग आजाऱ्याचं. खाली वाळू नको, टिश्यू पेपर घाला. ब्लीचनं क्रिप्टो मरत नाही, भांडी उकळत्या पाण्यातून काढा. मुलाला हात साबणानं धुवायला लावा, साल्मोनेलाचे जंतू लागू नयेत म्हणून.

प्रतिसाद २
पावसात आपल्याकडे गारठा किती असतो! टँकची उबदार बाजू 32 अंशांच्या आसपास आहे ना? थंडीत यांना पचत नाही, तेव्हा तेही तपासा. आणि शेतातले नाकतोडे घालत असाल तर बंद करा, फवारणीचं विष आणि परजीवी दोन्ही त्यातून येतात.

धागाकर्ते
आभार. डबी उद्या देतो. धाकट्याला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवलंय. पण हीट मॅट एकच आहे, कुणाखाली ठेवू?

प्रतिसाद २
दुसरी येईपर्यंत टँक आणि डबा शेजारी-शेजारी ठेवा, मॅट दोघांखाली अर्धी-अर्धी. थर्मामीटर मात्र दोन्हीकडे लावा.