मदत हवी आहे: भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमध्ये रिले फडफडतोय

नमस्कार मंडळी,
उद्यमनगरात भंगारात मिळालेला जुन्या अँप्लिफायरचा १२-०-१२ (मधल्या टोकापासून दोन्हीकडे १२ व्होल्ट), ३ अँपिअर ट्रान्सफॉर्मर वापरून १.२५ ते २५ व्होल्टचा डीसी सप्लाय बांधतोय. ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर, एलएम३१७ रेग्युलेटर आणि जोडीला जास्त करंट वाहणारा टीआयपी२९५५ ट्रान्झिस्टर. व्होल्टेज सेटिंगला २४० ओहमचा रेझिस्टर आणि ५ के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर). प्रायमरीला ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. ब्रिज-कपॅसिटरमुळे ३ अँपिअरच्या वाइंडिंगमधून डीसी साधारण १.८ अँपिअरच घ्यायचा, म्हणून १.५ वर थांबलोय.

पूर्ण वाइंडिंगवर कपॅसिटरला ३२ व्होल्ट येतात. आउटपुट ५ व्होल्ट ठेवून १.५ अँपिअर ओढले की ४० वॉट नुसती उष्णता! म्हणून १० व्होल्टच्या खाली रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) सेंटर टॅपवर, म्हणजे निम्म्या वाइंडिंगवर जायचं ठरवलं. तिथे १५.५ व्होल्ट येतात आणि उष्णता १५-१६ वॉटवर उतरते.

अडचण इथेच आहे. पॉटने आउटपुट १० व्होल्टच्या आसपास ठेवून लोड दिला की रिले सारखा टकटक करतो. रिपल (कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा चढउतार) जवळपास ३ व्होल्टचा आहे, त्यामुळे दरीत १२.५ च उरतात आणि रेग्युलेटर व २२ ओहमचा बेस रेझिस्टर मिळून ३ व्होल्ट मागतात. आउटपुट तिथे खचतं, एलएम३५८ चा कंपॅरेटर (व्होल्टेजची तुलना करून रिले बदलणारा) गोंधळतो. १ मेगाओहमचा फीडबॅक दिला, फरक किरकोळ.

सीमा ८ व्होल्टवर आणून १ व्होल्टचा हिस्टेरिसिस (रिले चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांतलं अंतर) ठेवू, की आधी कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा करू? मोठ्या कपॅसिटरने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतील का? कुणी असं चालवलं असेल तर रेझिस्टरच्या किमती सांगा.