अर्ध्या कॅरटच्या हिऱ्याला कोंदण बरं की प्राँग?

किनारा_रत्नागिरी
बहिणीचा साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर आहे. अंगठीसाठी हिरा घेऊन झालाय: गोल ब्रिलियंट (चमकेसाठी पाडलेले पैलू), ०.५० कॅरट, रंग ‘जे’ (J, किंचित पिवळसर), हिरे तपासणाऱ्या आयजीआय संस्थेचं सर्टिफिकेट. ती नर्स आहे, दिवसभर हातमोजे चढवते-काढते. घरी मासे साफ करणं, नारळ खवणं चालूच. सोनार उंच चार प्राँगचा (हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या आकड्यांचा) घाट दाखवतोय, आईला सोनं २२ कॅरटच हवं. कोंदणात, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची कड दाबून बसवल्यावर, त्याचं तेज मरतं का?

जडावकाम
कोंदणच करा, पण मागून उघडं. तेज मरतं ही समजूत जुन्या, मागून बंद कोंदणावरून आलीय. ब्रिलियंट कटमध्ये प्रकाश वरून आत शिरतो, तळाच्या पैलूंवर आपटतो आणि वरच परततो. कडेला सोन्याची पट्टी आली म्हणून फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तेलकटपणाने. हिऱ्याला चिकटा लगेच धरतो. नारळाच्या रसाचा, माशाच्या चरबीचा थर तळाला बसला की प्रकाश तिथूनच निसटतो आणि हिरा काचेच्या तुकड्यासारखा मंद दिसतो. म्हणून मागे ब्रशचे केस पोचतील एवढी जागा हवी. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, वीस मिनिटं भिजवून मऊ ब्रश. सिंकवर नाही, वाडग्यात.

अर्धा कॅरट म्हणजे साधारण ५.१ मिमी व्यास. कोंदणाची कड हिऱ्यावर किंचितच यावी, जास्त आली की हिरा लहान दिसतो. सर्टिफिकेटवर गर्डल (हिऱ्याची भोवतालची कड) ‘व्हेरी थिन’ म्हणजे फार पातळ असेल तर कारागिराला आधीच सांगा, कारण कड दाबताना तिथली कपची उडू शकते. हिरा कठीण असतो, चिवट नसतो. आणि गर्डलवर नंबर कोरलेला असेल तर तो हिरा बसवण्याआधी १० पटीच्या भिंगातून स्वतः वाचा. कोंदणात तो झाकला जातो.

धातू पिवळाच ठेवा. ‘जे’ रंगाची पिवळसर झाक पिवळ्या सोन्यात खपून जाते, पांढऱ्यात उठून दिसते.

खारवारा
प्राँग सरसकट बाद करू नका, दोष उंचीचा आहे. उंच घाट हातमोजा फाडतो. प्राँगच हवे असतील तर बसका घाट आणि सहा प्राँग: एक झिजला तरी पाच धरून ठेवतात, चारातला एक गेला की हिरा सुटायला वेळ लागत नाही. जुन्या ओढणीवरून अंगठी फिरवा. धागा अडकला तर प्राँगचं टोक उचललंय. कानाशी धरून टिचकी मारा. खुळखुळलं तर त्या दिवसापासून घालणं बंद.

सराफी_बाजू
आईंना सांगा, २२ कॅरट मऊ असतं. प्राँग वाकतात, बोटाभोवतीची पट्टी चेपते. हिऱ्याला १८ कॅरट घ्या. हॉलमार्कमध्ये ७५० (१८ कॅरटची खूण) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं हवं, ०.५० कॅरट हिरा ०.१ ग्रॅम भरतो, तो सोन्याच्या भावात धरला जाऊ नये. पट्टी तळाशी निदान १.५ मिमी जाड.

माप दमट दिवशी, संध्याकाळी घ्या. आपल्या हवेत बोटं तेव्हा फुगलेली असतात. उलट समुद्राच्या पाण्यात बोट आकसतं, पोहताना अंगठी घरी. वॉर्डातल्या ब्लीचच्या पाण्यापासून मात्र खरंच जपा, क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूंना खातं आणि प्राँग ठिसूळ होतात. बऱ्याच इस्पितळांत खड्याची अंगठी घालून रुग्णाला हात लावू देत नाहीत, तेही आधी विचारून घ्या.

किनारा_रत्नागिरी
मागून उघडं कोंदण, १८ कॅरट असं ठरवतोय. पुढे माप वाढवावं लागलं तर?

जडावकाम
साध्या पट्टीचं एक-दोन मापं सहज वाढतं, फक्त पट्टीवर बारीक हिरे जडवू नका. डाग देण्याआधी (ज्योतीने सोनं जोडण्याआधी) हिऱ्याला बोरिक ॲसिडचा लेप लावतात ना, विचारा. उघड्या ज्योतीत हिऱ्यावर पांढुरकी झाक येते, ती धुऊन जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं.