रूळ जोडले म्हणून झोप उडाली? काहीही!

गिट्टीफोड : सकाळपासून एकच पोस्ट फिरतेय : "रुळांचे सांधे वेल्डिंगने बुजवले आणि प्रवासाची मजा गेली. पूर्वी खडखड ऐकत गाढ झोप लागायची, आता नुसते गचके. आणि उन्हाळ्यात रुळांनी फुगायचं कुठे?" खाली सगळे 'अगदी खरंय' म्हणत हात जोडतायत. यातले किती जण चाकाच्या बरोबर वरच्या सीटवर बसलेत कधी?

ती खडखड म्हणजे मार होता हो. दर 13 मीटरला रूळ संपायचा. दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे फिशप्लेटा, लावून बोल्ट आवळले तरी तिथे अखंड रुळाइतका ताठपणा येत नाही. चाक आलं की टोक दबतं, पुढच्या टोकावर आपटतं, खालची खडी पिचते, रुळाखालचा आडवा स्लीपर पोकळ होतो, मग पुढचं चाक आणखी जोरात आपटतं. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगने खाली खडी ठासून वर उचललेला सांधा पुन्हा बसतोच. फटीपेक्षा हा खळगा माणसाची कंबर मोडतो.

आता फुगण्याचं. 13 मीटरचा सुटा रूळ 40 अंशांच्या फरकाला जेमतेम 6 मिलिमीटर वाढतो. लांब वेल्डेड रुळाला वाढूच देत नाहीत. क्लिपा, स्लीपर, खडी त्याला दाबून धरतात. हलतात ती दोन्ही टोकांची शंभरेक मीटर, आणि तिथे ही हालचाल सामावून घेणारा एक्स्पान्शन जॉइंट असतो. झालं समाधान?

मिरजकर_जुना : नाही झालं. पुणे-मिरज 1971 मध्ये ब्रॉडगेज झाली, मी त्याच्या आधीपासून फिरतोय. वडील घड्याळ काढून 47 सेकंद खडखड मोजायचे, जो आकडा येईल तो ताशी किलोमीटर. आता बाहेर अंधार असला की गाडी पळतेय की रांगतेय कळत नाही. तुम्ही मिलिमीटर मोजत बसा.

गिट्टीफोड : काका, हिशोब बरोबर आहे, पण सुट्या रुळांपुरता. तीन रूळ जोडून 39 मीटरचं पॅनल केलेलं असेल तर तुमच्या 90 ला घड्याळ 30 म्हणणार. शिवाय वेग कळणं वेगळं आणि प्रवास सुखाचा होणं वेगळं. मोबाइलवर बघा की वेग.

मिरजकर_जुना : झोप लागायची, हे उत्तर टाळलंत.

डोंबिवलीकरीण : झोपेवर वाद घालणाऱ्यांचा हेवा वाटतो. आम्ही दारात एका पायावर. सरळ मार्गावर एक वेळ चालतं, पण स्टेशनात शिरताना काटे, म्हणजे रूळ बदलायच्या जागा, ओलांडले की सगळी गर्दी एकमेकींच्या अंगावर. वेल्डिंगवाले तिथे का नाही येत?

गिट्टीफोड : काट्यात चाकाला दुसऱ्या रुळाची वाट ओलांडायची असते, म्हणून साध्या क्रॉसिंगपाशी फट ठेवावीच लागते. सिग्नलसाठी जिथे रूळ विजेच्या दृष्टीने तोडायचा, तिथे ग्लूड जॉइंट, म्हणजे मध्ये वीज अडवणारा थर घालून चिकटवलेला सांधा, असतो. म्हणजे उरलेले धक्के सुद्धा सांध्यांचेच. माझाच मुद्दा.

साइड_लोअर : तुमचा मुद्दा रुळाखाली पुरा. रूळ आरशासारखा असू द्या, नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यात ड्रायव्हरने ब्रेक सोडला की पाठीत बुक्की बसते. एका रात्रीच्या गाडीत आईच्या हातातला चहा समोरच्या काकूंच्या शालीवर. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांना स्क्रूने आवळायची जोडणी, म्हणजे स्क्रू कपलिंग, आणि बाजूला धक्का झेलणारे बफर, सगळं ताणून बांधलेलं. एलएचबीला डबे जोडणारा मध्ये एकच कपलर आणि त्यात ढिलाई. पोस्टवाला 'गचके' म्हणतो ते हे!

गिट्टीफोड : मग पोस्टवाल्याने डब्याला शिव्या घालाव्यात. रुळाला कशाला?

साइड_लोअर : प्रवाशाने काय आधी इंजिनिअरिंग करून तक्रार करायची?

मिरजकर_जुना : वा! आयसीएफच बरे होते.

गिट्टीफोड : अपघात झाला की एकावर एक चढायचे ते 'बरे' डबे. एलएचबी सहसा चढत नाहीत, ते त्याच मधल्या कपलरमुळे. चहा सांडलेला परवडला.

साइड_लोअर : म्हणजे जिवंत राहायचं तर गचके खा, गप्प बसा? ढिलाई कमी करणारे कपलर आलेत, सगळ्या डब्यांना लावा ना पटापट. सुरक्षेचं नाव काढलं की तुम्ही लोक प्रवाशाचं तोंडच बंद करता.

डोंबिवलीकरीण : माझा काट्यांचा प्रश्न शालीखाली गेला वाटतं.

पीवेवाला : रुळांच्या देखभालीतून निवृत्त आहे, म्हणून बोलतो. 'वाढूच देत नाहीत' हे टाइप करायला सोपं. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात 30 अंशांच्या फरकाला 50 टनांहून जास्त जोर कोंडतो. मे महिन्यात खडी कमी पडली किंवा नको त्या वेळी कुणी रूळ मोकळा केला, तर रूळ सापासारखा वळतो. थंडीत उलट, ताणाने तुटतो. सांध्याच्या लाईनीत रूळ तपासणारा कीमन हातोडा घेऊन बोल्ट तपासायचा. आता माझी माणसं दुपारी रुळाचं तापमान बघत आणि पहाटे तडे शोधत चालतात. प्रवाशाची कंबर वाचली, त्यांची नाही.

गिट्टीफोड : साहेब, मग सांधे परत आणायचे म्हणता?

पीवेवाला : मी असं कुठे म्हटलं? सांधा वाईटच. वेल्ड केलेलं पण खडी न भरलेलं त्याहून वाईट. वेल्डसुद्धा नीट घासला नाही तर तिथे उंचवटा राहतो, आणि मग घ्या तुमची खडखड परत.

मिरजकर_जुना : म्हणजे वेल्डिंग करून पण खडखड! मी काय म्हणत होतो?

गिट्टीफोड : काका, तुम्ही झोपा.