मदत हवी आहे: खुब्याची रिव्हिजन पुन्हा सैल? तिसऱ्या ऑपरेशनआधी काय तपासावं?

रुग्ण महिला, वय ६८. उजवा खुबा २००९ मध्ये बदलला, २०२१ मध्ये रिव्हिजन (जुना कृत्रिम सांधा काढून पुन्हा नवा बसवणं), वाटी (कमरेच्या हाडात बसणारा भाग) आणि स्टेम (मांडीच्या हाडात बसणारा दांडा) दोन्ही नवीन. गेले दहा महिने खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना मांडीत कळ येते, चालायला लागलं की कमी होते. ताप नाही. सीआरपी १४, ईएसआर ४२ (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). एक्स-रे रिपोर्टात "स्टेम ७ मिमी खाली सरकला" असं लिहिलंय. सर्जन तिसरं ऑपरेशन सुचवताहेत. पहिला सांधा बारा वर्षं चालला, मग दुसरा चार-पाच वर्षांतच का जावा? आणि हो म्हणण्याआधी काय विचारायचं?

प्रतिसाद १
उठताना कळ आणि चालल्यावर आराम, हे स्टेम सैल झाल्याचं नेहमीचं लक्षण. वाटी सैल असेल तर दुखणं बहुधा जांघेत येतं. पण "सैल झाला" हे निदान नव्हे, तो परिणाम आहे. का झाला, ते आधी कळायला हवं.

पहिला संशय जंतुसंसर्गाचा. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असं धरू नका. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, आणि त्या थरात ना अँटिबायोटिक नीट पोचतं ना शरीराच्या पेशी. दुखणं हीच काय ती खूण. सीआरपी १० मिग्रॅ प्रति लिटरच्या वर आणि ईएसआर ३० च्या वर, म्हणजे खुब्यातलं पाणी सुईने काढून तपासायलाच हवं. (एकक बघून घ्या. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथे हाच आकडा १.४ दिसेल.) पाण्यात पांढऱ्या पेशी ३००० च्या वर किंवा त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ८० टक्क्यांच्या वर असतील तर संसर्गाची शक्यता दाट. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) १४ दिवस ठेवायला सांगा. काही जंतू इतके सावकाश वाढतात की पाचव्या दिवशी "वाढ नाही" असा रिपोर्ट येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

प्रतिसाद २
बोन स्कॅन करून घ्या, लगेच कळेल.

प्रतिसाद ३
बोन स्कॅन एवढंच सांगतो की तिथल्या हाडात काहीतरी घडामोड चालू आहे. संसर्ग की नुसता सैलपणा, हे त्यावरून ठरत नाही.

दुसरा सांधा लवकर का जातो, याचं उत्तर हाडात आहे. पहिल्या वेळी मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात मऊ, जाळीदार हाड असतं, स्टेम त्यात रुजतो. तो काढल्यावर आत उरते गुळगुळीत, कडक नळी. बारा वर्षांत वाटीतल्या प्लॅस्टिक लायनरचे (अस्तराचे) बारीक कण झिजून आजूबाजूचं हाड खाल्लं गेलेलं असतं, ते वेगळंच. म्हणून रिव्हिजनचा लांब स्टेम खाली, हाडाच्या मधल्या भागात पकड घेतो. तिथे निदान ४ ते ५ सेंमी घट्ट पकड हवी. कमी मिळाली की प्रत्येक पावलाला स्टेम किंचित हलतो. ही हालचाल साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड धातूत शिरतं. १५० च्या वर गेली की हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो आणि मग स्टेम कधीच रुजत नाही. वाटीचंही तसंच. रुग्णाच्या जिवंत हाडाचा निम्म्याहून कमी भाग वाटीला टेकत असेल, तर नुसते स्क्रू फार काळ तग धरत नाहीत.

आता ते ७ मिमी. निमुळते, खाचांचे टायटॅनियम स्टेम पहिल्या तीनेक महिन्यांत थोडे खाली बसतात आणि थांबतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून २०२१ पासूनचे सगळे एक्स-रे ओळीने लावा आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापासून स्टेमच्या खांद्यापर्यंतचं (वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं) अंतर प्रत्येकावर मोजा. फिल्म आकार वाढवून दाखवते, म्हणून बॉलचा (स्टेमवरच्या, वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा) व्यासही मोजा. ३२ मिमीचा बॉल ३६.८ भरला तर फिल्म १५ टक्के मोठी, म्हणजे तुमचे ७ मिमी खरे सहाच. गेल्या वर्षभरात आकडा वाढलाय का, एवढंच महत्त्वाचं.

धागाकर्ता
पाणी काढायचं ठरलंय. पण फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांपूर्वी अँटिबायोटिक सुरू केलंय.

प्रतिसाद १
नेमकं इथेच घोडं पेंड खातं. गोळ्यांमुळे कल्चर खोटं "स्वच्छ" येऊ शकतं. आजच सर्जनला कळवा. तब्येत ठीक असेल तर ते गोळ्या थांबवून साधारण दोन आठवड्यांनी पाणी काढतील. ताप आला किंवा जखमेतून पू आला तर मात्र थांबायचं नाही, लगेच गाठायचं.

प्रतिसाद ४
२०२१ च्या फाइलमधलं स्टिकरचं पान शोधा. इम्प्लांटचे रेफरन्स आणि लॉट नंबर त्यावर असतात. कंपनी आणि साइज कळल्याशिवाय स्टेम काढायची योग्य हत्यारं मागवता येत नाहीत, आणि वाटी पक्की असेल तर तिच्यात बसणारा लायनरही मिळत नाही. मग चांगली वाटी उगाच उपटावी लागते. पान नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा.

सर्जनना तीन गोष्टी विचारा. ऑपरेशनमध्ये कल्चरसाठी किमान पाच नमुने वेगवेगळ्या जागांहून घेणार का? संसर्ग निघाला तर एका टप्प्यात करणार, की मध्ये अँटिबायोटिक सिमेंटचा स्पेसर (तात्पुरता सांधा) ठेवणार? आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू किती शाबूत आहेत? दुखऱ्या पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला झुकत असेल तर ते कमजोर आहेत. अशा वेळी नवा सांधा निखळायची भीती सगळ्यात जास्त, मग ड्युअल मोबिलिटी लायनरचा (दोन ठिकाणी फिरणारा, सहज न निखळणारा) विचार आधीच व्हायला हवा.

तोपर्यंत काठी डाव्या हातात.