क्लब बदलला आणि लेक पुन्हा हँडस्टँडवर आली. जिम्नॅस्टिक्सवाल्या पालकांचा सल्ला हवा

बाणेरची_नवखी

नमस्कार मंडळी. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करते. आम्ही सिंहगड रोडवरून बाणेरला राहायला आलो, त्यामुळे जूनपासून क्लबही बदलला. जुन्या क्लबात ती राउंड ऑफ (कार्टव्हीलसारखी, पण दोन्ही पाय एकत्र टेकवणारी उडी) घेऊन फ्लिक (मागे हातांवरून उलटी उडी) मारायची, सोसायटीच्या गणपतीत स्टेजवरसुद्धा मारली होती. नव्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फ्लिक बंद केली.

आता रोज काय, तर उताणं झोपून पाय आणि खांदे थोडे उचलून धरायचे. सर कमरेखालून पट्टी सरकवून बघतात. पट्टी आत गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग भिंतीकडे पोट करून हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहायचं, नाक आणि पायाची बोटं भिंतीला. बारला हात लागतो तो अगदी शेवटी. शेजारी तिच्याहून लहान मुली. परत येताना स्कूटरवर मागे बसून रडते, "मला बेबी बॅचमध्ये टाकलंय." नवरा म्हणतो जुन्याच क्लबला नेऊ, ट्रॅफिकचं बघू काय ते.

सर ओरडत नाहीत, पण फारसं सांगतही नाहीत. असं मागे नेतात का? की हा क्लबच सोडावा?

खडूवाला

ताई, मी या क्षेत्रात शिकवतो, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी वाटेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी सरांना काम येतं. त्या पट्टीच्या प्रकाराला आम्ही हॉलो म्हणतो. कंबर जमिनीला चिकटलेली राहिली पाहिजे, म्हणजे पोट आणि बरगड्या आत धरायची सवय लागते. हँडस्टँड, बारवरचा कास्ट (बारला हात टेकून पाय मागे झोकणं), व्हॉल्टच्या टेबलावरून उडणं, सगळ्यात हाच आकार येतो. हॉलो नसलेली मुलगी फ्लिक मारतेच, पण खांदे न उघडता (म्हणजे हात कानांपाशी सरळ न नेता), कोपर वाकवून आणि सगळी कमान कमरेतून काढून. स्टेजवर टाळ्या पडतात. पुढे त्याच फ्लिकला समर (हात न टेकता हवेत कोलांटी) जोडायची वेळ आली की अडतं, आणि तोवर सवय इतकी पक्की झालेली असते की मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

गुणांचं गणितही बघा. २००६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाईचे १० पासून कापत येतात. छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलात तर १. आपली दीपा कर्माकर रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली, १५.०६६. कांस्य गेलं १५.२१६ ला. हे गुण दोन व्हॉल्टची सरासरी असतात, म्हणजे ०.१५ चा फरक हा दोन्ही मिळून एका मध्यम चुकीएवढा. प्रोदुनोवासारखा जगातला अवघड व्हॉल्ट मारूनही! आणि दीपाचे तळपाय लहानपणी सपाट होते. त्यावर काम करण्यात तिच्या प्रशिक्षक नंदी सरांनी आधी किती वर्षं घातली, ते सहसा कुणी सांगत नाही.

फक्त एक. सरांनी हे मुलीला सांगायला हवं होतं. दहा वर्षांच्या पोरीला "का" कळतं. वेळ घेऊन भेटा, बॅच चालू असताना नको. विचारा: फ्लिक परत कधी, त्याआधी तिला काय काय जमायला हवं, आणि ते कसं तपासणार? ज्याच्याकडे आखणी आहे तो दोन मिनिटांत सांगतो. "बघू, होईल हळूहळू" एवढंच उत्तर आलं, तर मात्र विचार करा.

दादरचा_मल्लखांबवाला

खडूवाल्यांचं तांत्रिक सगळं मान्य. पण पोरं खेळायला येतात हो, पट्टी मोजायला नाही. आमच्या व्यायामशाळेत नवीन मुलाला पुरलेल्या मल्लखांबावर साधी पकड घोटवून घ्यायचे, पण जाताना दोरीवर एक फेरी ठरलेली. त्या फेरीसाठी पोरगं दुसऱ्या दिवशी परत यायचं. सरांना सांगा, रोज शेवटची दहा मिनिटं तिला जे उत्तम येतं ते करू द्या. कार्टव्हील असेल, स्प्लिट लीप असेल. फ्लिक नको तर नको.

रेडिंगकर

आम्ही इंग्लंडमध्ये. इथे २०२२ साली व्हाइट अहवाल आला, जिम्नॅस्टिक्समधल्या मुलांच्या छळाबद्दल. तो आल्यापासून पालक म्हणून मी मूलभूत व्यायाम कमी की जास्त हे बघतच नाही. बघते ते हे: पालकांना बसून बघू देतात का? मुलींचं वजन करतात का, खाण्यावरून टोमणे मारतात का? दुखतंय म्हटल्यावर काय होतं? स्प्लिटमध्ये बसलेल्या मुलीच्या खांद्यावर कुणी भार टाकून दाबतं का? यातलं एक जरी दिसलं, तरी त्या क्लबातून कितीही पदकं येवोत, मी मुलीला काढेन. तुमचे सर कमी बोलतात, एवढाच दोष असेल तर तो चालण्यासारखा आहे.

बाकी दहाव्या वर्षी "बेबी बॅच" हे दुःख खरंच मोठं असतं. त्याला हसू नका.

हाडांची_मैत्रीण

फिजिओ आहे, म्हणून थोडंसं. जुन्या क्लबात ती कमरेतून वाकून फ्लिक मारत असेल, तर तिला विचारून ठेवा की मागे वाकल्यावर कमरेत एका बाजूला दुखतं का. वाढीच्या वयात सतत मागे वाकण्याच्या ताणाने मणक्याच्या मागच्या भागात बारीक तडा जाऊ शकतो, आणि मुली "स्नायू दुखतोय" म्हणून तो अंगावर काढतात. मनगटाचंही तसंच. तिथलं वाढीचं हाड अजून कोवळं असतं. हात टेकला की दुखतंय आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही जात नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बाम चोळून, क्रेप बँडेज बांधून पाठवू नका.

आणि घरी गादीवर फ्लिकचा सराव अजिबात नको. नव्या क्लबात बंद झालेली गोष्ट पोरं हमखास घरी करतात.

बाणेरची_नवखी

सगळ्यांचे खूप आभार. (गादीचं कसं ओळखलंत? परवाच पकडली.)

काल सरांना भेटले. आधी दोन मिनिटं गप्पच होते, मग मोबाइलवर तिचाच व्हिडिओ दाखवला, पहिल्या दिवशीचा. फ्लिकमध्ये हात टेकतानाच कोपरं दुमडत होती आणि गुडघे फाकले होते, मलाही दिसलं. म्हणाले, भिंतीचा आधार सोडून हँडस्टँड नीट धरला आणि खांदे उघडले की ट्रॅम्पोलिनवर फ्लिक सुरू, मग उतारावर, मग फ्लोअरवर. तारीख देणार नाही म्हणाले. मी म्हटलं, हेच तिला सांगा. तिथेच तिला बोलवून तोच व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "ई, माझे पाय असे आहेत?" आज जाताना रडली नाही, आली तेव्हा मात्र थोडी फुगलेलीच होती.

कमरेत दुखत नाही म्हणते, तरी दाखवून घेते. दादरकर, दहा मिनिटांचं विचारलं. "शनिवारी" असं उत्तर मिळालं.

आता नवरोबांचा प्रश्न: शालेय स्पर्धा तोंडावर आहेत. क्लब बदलल्यामुळे तिचं नाव अडेल का?

खडूवाला

नाही. शालेय स्पर्धेत प्रवेश शाळेतर्फे जातो, क्लबचा संबंध नाही. शाळेच्या पीटी सरांना आत्ताच गाठा, शेवटच्या दिवशी सगळेच धावतात. संघटनेच्या स्पर्धांसाठी मात्र तिची नोंदणी जुन्या क्लबातून झाली होती का ते विचारून घ्या, झाली असेल तर बदलाचं पत्र लागेल का तेही.

आणि यंदा उतरवायचीच असेल, तर फ्लिक नसलेली रचना बसवायला सांगा सरांना. साधी, पण गुडघे सरळ.