मदत हवी आहे: जॅक रसेल कुत्र्याचं डी-शेडिंग (सुटलेले केस काढणं), पण ट्रिमर न मारता

मंडळी, नागपुरात प्रतापनगर-त्रिमूर्तीनगर भागात आखूड केसांच्या टेरियरचं ग्रूमिंग नीट करणारं कोणी माहीत आहे का? कुत्रा चार वर्षांचा, ७ किलोचा. खाज नाही, टक्कल नाही, गोचीड नाही. निव्वळ केसगळ, पण केस सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात, झाडूने निघत नाहीत.

दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे "उन्हाळा आहे, ट्रिमर मारून देतो." ते अजिबात नको. कापले तरी केस गळायचे तेवढे गळतातच, तुकडे आखूड होऊन उलट जास्त टोचतात. शिवाय पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी नागपूरच्या मे महिन्यात उघडी पडली की भाजते.

हवं आहे ते असं: आधी कोरड्या अंगावर रबरी खरारा, मग पातळ केलेला शाम्पू पाच-दहा मिनिटं मुरवून स्वच्छ धुणं आणि शेवटी हाय-व्हेलॉसिटी ड्रायर (हवेचा जोरदार झोत सोडणारा). सुटलेले केस खरे त्या झोतानेच उडतात. झोत मागच्या पायांकडून, कमी वेगाने सुरू करायचा. तोंडावर, कानात नाही. हवा गरम नको.

असा ड्रायर असलेलं, किंवा तो घेऊन घरी येणारं कोणी असेल तर साधारण दर सांगा. आणि घरी आठवड्यातून दोनदा खरारा पुरतो, की अधूनमधून लोखंडी दातांचं ब्लेड लागतंच? ते जोरात फिरवलं की वरचे राठ केस तुटतात, कातडीवर लाल ओरखडे उठतात, म्हणून भीती वाटते.